पंधरा महिने लॅबमध्ये कशासाठी?

नमस्कार. आपण सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. आपलं म्हणणं असं: नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या 'न्यूरोसायन्स अँड कॉग्निशन' या दोन वर्षांच्या मास्टर्सचं मी कौतुक केलं, पण त्यातले पंधरा महिने मुलं लॅबमध्येच राबणार असतील, तर ती भरमसाट फी भरून केलेली वेठबिगारी. एवढं ज्ञान पुस्तकांतून आणि ऑनलाइन कोर्समधूनही मिळतं.

चेतापेशी कशा काम करतात, स्मृतीचे प्रकार किती, हे पुस्तकातून नक्की मिळतं. आपल्याच मोजमापावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे मात्र मिळत नाही. ईईजीचंच, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युत लहरी टिपण्याचंच घ्या. एखादा शब्द ऐकल्यावर मेंदूत उमटणारा प्रतिसाद डोक्याच्या त्वचेवर जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा असतो. नुसती पापणी लवली तरी त्याच्या कितीतरी पट मोठी लाट उठते. जबडा आवळला, घाम आला, समोरचा माणूस पेंगायला लागला, सगळ्याच्या खुणा आलेखात येतात. त्यातलं काय टाकायचं, काय ठेवायचं, आणि हवा तो निकाल यावा म्हणून तर आपण टाकत नाही ना, हे जाणत्या माणसाच्या शेजारी बसून महिनोन्महिने डेटा चाळल्यावरच कळायला लागतं.

हे शिक्षण कच्चं राहिलं तर काय होतं? २००९ साली क्रेग बेनेट या मेंदू-संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅल्मन मासा एफएमआरआय यंत्रात (रक्तप्रवाहातल्या बदलांवरून मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅनर) ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. ढिला निकष लावल्यावर माशाचा मेंदू प्रतिसाद देताना दिसला! एका स्कॅनमध्ये लाखभर ठिकाणी मोजमाप होतं. हजारात एक चूक चालवून घेतली, तरी शंभरेक ठिपके उगाच उजळणार. योग्य संख्याशास्त्रीय दुरुस्ती केल्यावर ते नाहीसे झाले. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात सुमारे ५०,००० जणांचे स्कॅन तपासले होते. माणसामाणसांच्या मेंदूतले फरक त्यांच्या वागण्याशी भरवशाने जोडायचे तर हजारो माणसं लागतात, असं त्यातून दिसलं. तोवर पंचवीसेक माणसांवर असे निष्कर्ष सर्रास काढले जात होते, आणि काढणारे उत्तम शिकलेले होते.

उट्रेख्तमध्ये पहिला प्रकल्प सुमारे नऊ महिन्यांचा, दुसरा सहाचा. मला तो दुसरा फार मोलाचा वाटतो. एका लॅबमध्ये 'असंच करतात' म्हणून गिरवलेली गोष्ट दुसरीकडे वेगळ्या पद्धतीने करतात, तेव्हा विद्यार्थी पहिल्यांदा 'का?' विचारतो.

पैशाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. युरोपबाहेरच्या मुलांची फी मध्यमवर्गीय घराला परवडणारी नाही. आपल्याकडे पीएचडी करताना जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, ही सरकारी संशोधन-शिष्यवृत्ती) असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र किंवा बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) डोळ्यांपुढे असेल, तर कर्ज काढण्याआधी तो रस्ता पाहावा.

आपली पुतणी मानसशास्त्र घेऊन बीए करते आहे, तर तिने आत्तापासून संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पक्की करावी. लॅब निवडताना गाइडशी बोलून थांबू नये. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून दोन गोष्टी विचाराव्यात: विश्लेषण तुम्ही स्वतः केलंत की नुसता डेटा गोळा केलात? आणि निकाल अपेक्षेविरुद्ध आला तेव्हा गाइड काय म्हणाले?