‘पित्त ऑपरेशननंतर जातंच’ : कोणत्या ऑपरेशननंतर, ते सांगा की!

सध्या एक मेसेज फिरतोय. ‘वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं असेल तर पित्ताच्या तपासण्यांना बळी पडू नका. चरबी उतरली की ॲसिडिटी आपोआप जाते. एंडोस्कोपी करावीच लागली तर आधी आठ दिवस पित्ताची गोळी दोन वेळा घ्या, रिपोर्ट स्वच्छ येतो. त्रास नसेल तर एंडोस्कोपीच नको. नाकातून नळी घालून चोवीस तास ठेवणं हा पैसे उकळायचा धंदा. आणि नंतर पित्त झालंच, तर बायपास आहेच.’ खाली हात जोडलेले. तो वाचून ओळखीतल्या एका काकूंनी एंडोस्कोपीची तारीख रद्द केली. स्लीव्हची मात्र कायम ठेवली! (स्लीव्ह आणि बायपास ही वजन कमी करायची दोन ऑपरेशनं : स्लीव्हमध्ये जठर कापून अरुंद नळीसारखं करतात, बायपासमध्ये जठराची वरची छोटी पिशवी वेगळी करून थेट आतड्याला जोडतात.) म्हणून हा खटाटोप.

आधी गोळीचं बघू, कारण इतका उफराटा सल्ला शोधून सापडायचा नाही. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात आणि त्यामुळे अन्ननलिकेवरचे व्रण भरून येऊ लागतात. त्यासाठीच तर त्या देतात. मग त्या दुप्पट घेऊन तपासणीला गेलं की दुर्बिणीतून दिसते ती गोळीची करामत. दुखणं झाकलेलं राहतं. एच. पायलोरी या जठरात अल्सर करणाऱ्या जंतूची युरिएज चाचणीही (एंडोस्कोपीत काढलेल्या तुकड्यावर करतात ती) या गोळ्यांमुळे खोटी निगेटिव्ह येऊ शकते. बायपास करायचा असेल तर हा जंतू आधीच शोधून मारलेला बरा, कारण बायपासनंतर मागे राहिलेल्या मोठ्या जठरापर्यंत नेहमीची दुर्बीण पोचत नाही. म्हणून एंडोस्कोपीआधी साधारण दोन आठवडे आणि पीएच तपासणीआधी (म्हणजे ती चोवीस तासांची नाकातली नळी, अन्ननलिकेतलं आम्ल मोजणारी) सात दिवस ही गोळी बंद ठेवायला सांगतात. बंद केल्यावर पहिले काही दिवस जळजळ उसळते. तेवढ्यापुरतं पातळ अँटासिड चालतं, फक्त पीएच तपासणीच्या आदल्या दिवसापासून तेही नाही. स्वच्छ रिपोर्ट कुणाला दाखवायचाय? सर्जनला फसवून पोट आपलंच कापून घ्यायचं आहे.

आता ‘चरबी उतरली की ॲसिडिटी जाते’. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. पोटाचा घेर कमी झाला की जठरावरचा दाब कमी होतो आणि बऱ्याच जणांची जळजळ थांबते. पण पुढचं ऑपरेशन कोणतं यावर ठरतं. बायपासमध्ये वरची पिशवी जेमतेम तीस मिलिलिटरची राहते, तिच्यात आम्ल फारसं तयार होत नाही आणि पित्तरस खाली लांब आतड्यात वळवलेला असतो. स्लीव्हचं गणित उलटं आहे. जठराचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग काढून टाकतात, उरतं ते केळ्याएवढं अरुंद नळकांडं. खालचं तोंड पूर्वीसारखंच आवळलेलं, त्यामुळे आत दाब वाढतो. वर अन्ननलिका जठराला तिरकी मिळते तो कोन झडपेसारखा काम करत असतो, तोही या कापाकापीत बिघडू शकतो. मग आम्ल जाणार कुठे? वरच.

हे नुसतं तर्कट नाही. फिनलंडमध्ये 240 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशी स्लीव्ह किंवा बायपास वाटून दिली आणि दहा वर्षांनी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची एंडोस्कोपी केली. निष्कर्ष 2022 मध्ये ‘जामा सर्जरी’त आले. अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांत 31 टक्के, बायपासवाल्यांत 7 टक्के. बॅरेट्स, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी ठरू शकणारा बदल, दोन्हीकडे सारखाच, सुमारे 4 टक्के निघाला; तेव्हा स्लीव्ह म्हणजे कॅन्सर असा उलटा मेसेज कुणी सुरू करू नका.

म्हणूनच रिपोर्टमध्ये काय लिहिलंय याला महत्त्व आहे. आपल्याकडे ‘लॅक्स एलईएस’ (अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल) एवढे दोन शब्द लिहून कागद हातात देतात, त्यावरून कुठलंच ऑपरेशन ठरत नाही. दाहाची लॉस एंजेलिस श्रेणी हवी, म्हणजे ‘ए’ (सौम्य) ते ‘डी’ (तीव्र) : ‘ए’ एकट्याने आम्ल वर येण्याच्या आजाराचा पुरावा ठरत नाही, ‘बी’पासून पुढे ठरतो, आणि ‘सी’, ‘डी’ किंवा बॅरेट्स दिसलं तर बहुतेक सर्जन स्लीव्ह टाळून बायपासकडे वळतात. हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, असल्यास तो किती सेंटिमीटरचा, तेही हवं. दुर्बीण जठरात मागे वळवून खालून झडप पाहिली का, हे विचारा. लहान हर्निया नाहीतर निसटतो आणि शस्त्रक्रियेत शिवायचा राहून जातो.

‘त्रास नसेल तर नको’ हेही चुकीचं. लठ्ठ माणसांत जळजळ नसताना दाह सापडतो. उलट मराठीत आपण ज्याला पित्त म्हणतो त्यात ढेकर, डोकेदुखी, सकाळची उलटी, पोटफुगी सगळंच येतं. त्यातलं सगळं काही आम्ल वर येण्यामुळे नसतं.

नळीबद्दल : ती सरसकट सगळ्यांना लागत नाही, एवढं मेसेजवाल्याचं बरोबर. जळजळ आहे पण एंडोस्कोपी स्वच्छ किंवा ‘ए’ श्रेणीची आहे, आणि मनात स्लीव्ह आहे, त्यांना लागते. आधी मॅनोमेट्रीने, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीने, झडपेची जागा आणि अन्ननलिकेची हालचाल मोजतात. अकलेझिया, म्हणजे झडप न उघडण्याचा आजार, इथेच पकडला जातो. त्यातही छातीत जळजळतं आणि लोक वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खात बसतात. मग सेन्सर झडपेच्या पाच सेंटिमीटर वर ठेवतात. त्या दिवशी उपास करायचा नाही, रोजचंच जेवायचं, मिसळ खात असाल तर मिसळही. एकूण वेळाच्या 6 टक्क्यांहून जास्त, म्हणजे चोवीस तासांत साधारण दीड तास, अन्ननलिकेत आम्ल राहिलं तर आजार पक्का. 4 टक्क्यांच्या आत असेल तर नाही.

‘बायपास आहेच’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा पोट उघडण्यातली जोखीम ठाऊक नसावी. आतलं सगळं चिकटलेलं असतं, रक्तस्राव आणि गळतीचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त.

काकूंसारख्यांनी तारीख पुन्हा घ्यावी. गोळी मात्र मनाने थांबवू नये : ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगावं. त्याने अन्न जठरात रेंगाळतं, आणि उपाशी येऊनही पोट भरलेलं निघतं.