पलंग कुठवर येतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखाखाली बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली, तुम्ही भांडलात. म्हणून हे लांबलचक उत्तर तुम्हाला. तुमचं नाव इथे घालत नाही. खानापूर तालुक्यातले, जंगलभागातले, एवढं वाचकांना पुरे.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आमच्या बेळगावच्या वडगावातल्या गणेशोत्सव मंडळाने वर्गणीतून उरलेल्या पैशांत रुग्णांसाठी साहित्य घेतलं: दोन फाउलर पलंग (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली करता येणारे), व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवेची गादी. ज्याला लागेल त्याने अनामत ठेवून न्यायचं, गरज संपली की परत आणायचं. त्याची वही माझ्याकडे असते. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे सगळं सरकारचं काम आहे, तुम्ही फुकट करता म्हणून सरकार झोपतं. की मंडळाची सेवा मंडळाच्या ओळखीपुरती असते, वर फ्लेक्स लावायला मोकळे. की महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आरोग्य योजना दिली त्यावर मी एक अक्षर लिहिलं नाही. आणि शेवटी, ‘आमच्या गावापर्यंत येतो का हो तुमचा पलंग?’

शेवटचा प्रश्न झोंबला. त्यावर शेवटीच येते.

सरकारच्या कामाबद्दल मी अर्धी तुमच्या बाजूला आहे, आणि तुमच्यापेक्षा वाईट उदाहरण माझ्याकडे आहे. आशाताईंचं. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून हजार वस्तीमागे एक आशा आली. बाळंतपणं, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, वर सतराशे साठ सर्व्हे. पण कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’, म्हणून पगार नाही, मानधन. २०२५ च्या जानेवारीत कर्नाटकातल्या आशा बंगळूरच्या फ्रीडम पार्कात ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठे महिन्याला दहा हजारांचं आश्वासन मिळालं. सेवा या शब्दाआड मजुरी कशी बुडवतात ते या बायकांना विचारावं. तेव्हा ‘सेवा सेवा म्हणू नका’ हे तुमचं वाक्य मी मान खाली घालून ऐकते.

पण मंडळाने हात आखडला तर सरकार जागं होईल, हे मात्र मला पटत नाही. का, ते एका घरातल्या गोष्टीवरून सांगते.

आमच्या मागच्या गल्लीत एक यंत्रमागवाले कुटुंब आहे. चार माग, तेही मजुरीवर. बाईच्या गर्भाशयात गाठ. घरात बीपीएल कार्ड. आयुष्मान भारत आणि आरोग्य कर्नाटक एकत्र झाल्यापासून, म्हणजे २०१८ पासून, अशा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. (एपीएलवाल्यांनाही काही आहे, ठरलेल्या खर्चाच्या तीस टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. हे पुष्कळ शिकलेल्यांनाही ठाऊक नसतं.) यांनी काय केलं, तर कुणीतरी सांगितलं म्हणून थेट एका खासगी इस्पितळात नेलं. खिडकीवर विचारलं, ‘रेफर लेटर?’ यांच्याकडे नव्हतं. यांना वाटलं, आपलं कार्ड चालत नाही. बाईच्या दोन पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या आणि ऑपरेशन रोख पैशांत झालं.

कार्ड चालत होतं. तातडीचा रुग्ण असेल तर चिठ्ठी लागत नाही, पण असं ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं. तिथे होण्यासारखं असेल तर तिथेच, नसेल तर ते चिठ्ठी देतात आणि मग खासगीत योजना लागू होते. एवढीशी पायरी. पैसे सरकारने ठेवलेत, इस्पितळ यादीत आहे, कार्ड बाईच्या ट्रंकेत आहे. फक्त ‘आधी सिव्हिलला जा’ हे सांगायला कुणी नव्हतं, आणि सिव्हिलला सोबत जायलाही कुणी नव्हतं, कारण नवरा गेला की माग बंद. तुम्ही म्हणता तसं आम्ही हात वर केले, तर सरकारचं काय बिघडेल? त्यांचे पैसेच वाचतील, इथे वाचले तसे.

या प्रकारानंतर आमच्या मंडळातला एक मुलगा, रिक्षा चालवतो, ही सगळी साखळी शिकून घेऊन बसला. कुठल्या दिवशी कुठली ओपीडी, आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं, झेरॉक्स किती. त्याला आता लोक पलंगापेक्षा जास्त मागतात. मूळ लेखात मी पलंगाचं एवढं कौतुक केलं आणि याच्याबद्दल एक ओळ लिहिली, ही माझी चूक. पलंगाचा फोटो काढता येतो, म्हणून असेल.

सोबत जाण्यात भाषेचंही आहेच. आपल्याकडचे बहुतेक नर्स-डॉक्टर दोन्ही भाषा बोलतात, उगाच रडगाणं नको. पण माझी चुलत सासू चंदगडकडची, तिला कन्नडचं अक्षर कळत नाही. औषधाच्या खिडकीवरच्या पोराने घाईत गोळ्या पुढे सारल्या आणि म्हणाला, ‘ऊट आद मेले’. म्हणजे जेवण झाल्यावर. म्हातारी पांढरीफटक. ‘कोण मेले?’ आम्ही अजून हसतो. पण ती एकटी असती तर त्या गोळ्या तिने घेतल्याच नसत्या, अशुभ म्हणून.

आता ओळखीपुरत्या सेवेबद्दल. इथे मी तुमच्याशी भांडायला म्हणून वही उघडली आणि गप्प बसले.

गेल्या तीन वर्षांची नावं बघितली. जवळजवळ सगळी चार गल्ल्यांमधली. आडनावं फिरून फिरून तीच. आमच्या मंडळाच्या खोलीपासून शंभर पावलांवर एक चाळ आहे, तिथे रामदुर्गकडून आलेली विणकर कुटुंबं भाड्याने राहतात. त्यातलं एक नावही वहीत नाही. तिथे एक आजोबा अर्धांगवायूने आठ महिने जमिनीवरच्या चटईवर होते. सून सकाळी सातला मागावर जायची, संध्याकाळी यायची. मधल्या वेळात कूस कोण बदलणार? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर कंबरेच्या हाडावर कातडी लाल होते, मग काळी पडते, मग फाटते. आम्हाला कळलं तेव्हा जखमेत बोट जाईल एवढी खोली झाली होती. त्याच आठ महिन्यांतले तीन महिने आमची हवेची गादी खोलीत घडी करून पडलेली होती.

सुनेला मी विचारलं, ‘आला का नाहीत ओ मागायला?’ ती म्हणाली, ‘ते तुमच्या लोकांचं आहे असं वाटलं.’ खोलीवरची पाटी नुसती मराठीत होती. आम्ही कुणालाच नाही म्हटलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. आजोबा पावसाळ्याआधी गेले.

मग मी त्या भागाच्या आशाताईकडे गेले. तिच्याकडे घरनिहाय सगळं होतं: कोण अंथरुणावर, कुणाची साखर वाढलेली, कुठल्या घरात म्हातारं माणूस दिवसभर एकटं. आमच्या वहीत मागायला आलेले, तिच्या वहीत न आलेले. आता महिन्यातून एकदा दोन वह्या शेजारी ठेवून बसतो. पाटी कन्नडमध्येही झाली, तिच्या मुलीने लिहून दिली. मंडळात दोघे-तिघे कुरकुरले, ‘बोर्डावरून आपण एवढं सोसलं आणि आता आपल्याच हाताने?’ त्यांचं दुखणं मला कळतं, सीमावादाचं, १९५६ पासूनचं आहे ते. पण कमोडची खुर्ची मागायला आलेल्या बाईला त्यात कशाला ओढायचं?

फ्लेक्सबद्दल: होय, लागतो. वर पुढाऱ्याचा चेहराही असतो. मला आवडत नाही, मी बैठकीत बोलते आणि दर वेळी हरते. पुढे चला.

८६५ गावांचं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटक सरकारने लगेच आक्षेप घेतला, आणि पेपरात महिनाभर तेच चाललं. मी लिहिलं नाही कारण मला त्यातलं राजकारण तुमच्याइतकं समजत नाही. एवढं समजतं की योजना बंगळूरची असो की मुंबईची, कागद गोळा करणं आणि कोल्हापूर नाहीतर मिरजेला रुग्णासोबत दोन रात्री बाकावर झोपणं काही टळत नाही. एका बाजूचं कार्ड आहे म्हणून दुसऱ्या बाजूचं सोडू नका, दोन्ही पेटीत ठेवा. सीमेवर राहण्याचा तोटा आपण सत्तर वर्षं भोगतोय, फायदा घ्यायला लाज कसली.

निपाणीच्या बहिणीकडे गेल्या दिवाळीत पाहिलेलं सांगते. तिच्या शेजारी विड्या वळणारी बाई, क्षयरोगाची गोळी चालू. निक्षय पोषण योजनेत अशा रुग्णाला आहारासाठी महिन्याला पैसे मिळतात. २०१८ मध्ये पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार. हिच्या खात्यात पाच महिने काही नाही. तिच्या स्वसहाय्य संघाच्या बायका आठवड्याच्या बचतीला जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, ‘पासबुक आण बघू.’ खातं वर्षभर बंद पडलेलं. दुसऱ्या दिवशी दोघी तिला घेऊन बँकेत गेल्या. ना फ्लेक्स, ना मंडळ. त्या दिवशी बँकेत गेलेल्या दोघींच्याही सुपातल्या विड्या तेवढ्या कमी झाल्या, हे मात्र कुणी कुठे लिहिलं नाही.

तुम्ही विचारलंत की लोकांनी काम केल्यावर सरकार हललंय असं एक तरी उदाहरण दाखवा. केरळ. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही डॉक्टरांनी कॅन्सरच्या वेदना शमवण्याचा दवाखाना सुरू केला. मग लक्षात आलं, रुग्ण घरी आहेत आणि घरी कुणी जात नाही. मलप्पुरम-कोझिकोडमध्ये शेजारपाजारची माणसं थोडं शिकून घरोघर जाऊ लागली, शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी. ही माणसं तिथल्या पंचायतींच्या दारातही जाऊन बसली. २००८ मध्ये केरळ सरकारने वेदनाशामक शुश्रूषेचं धोरण केलं आणि घरी जाणाऱ्या नर्सची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अंगावर आली. तिथे स्वयंसेवक आधी होते, सरकार मागून आलं.

आपल्याकडे दार आहे, आपण ठोठावत नाही. तुमच्या गावातही कागदावर ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असणार. तिला वर्षाला दहा हजारांपर्यंतचा मोकळा निधी असतो. रक्कम किरकोळ आहे, पण एक व्हीलचेअर आणि दोन वॉकर येतात. पंचायतीत जाऊन पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारा, समितीत कोण कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली. उत्तर काय येईल ते मला साधारण माहीत आहे, तरी विचारा, आणि एकटे जाऊ नका.

आता पलंग. फाउलर पलंगाचे भाग सुटे होतात, टेंपोत बसतो, खानापूरपर्यंत काही प्रश्न नाही. तिथून पुढे हेमाडगाच्या बाजूला रस्ता जिथवर आहे तिथवर. भीमगडच्या जंगलातल्या गावांत पावसाळ्यात माणूसच खांद्यावरून बाहेर येतो, बांबूला चादर बांधून, चिखलातून कित्येक किलोमीटर. तिथे जूनपासून आमचा पलंग येणार नाही. खोटं सांगत नाही.

पण तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर खोलीत जाऊन बघितलं. कपाटामागे घडीचं स्ट्रेचर आहे, ॲल्युमिनियमचं, कोविडच्या वेळी कुणीतरी दिलेलं. शहरात त्याला कोण विचारतो, रिक्षा दारात येते. वजनाला हलकं आहे, चौघांना सहज पेलेल. तुमच्या गावात ठेवायला घेऊन जा. वहीत परतीची तारीख लिहीत नाही, अनामतही नको. फक्त तुमच्या आशाताईला ते कुणाच्या घरी ठेवलंय हे ठाऊक असू दे. छातीवरचा पट्टा तुटलेला आहे, तो चांभाराकडे दिलाय. सोमवारनंतर या.