उष्टा दगड

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी गावातल्या एका म्हाताऱ्याच्या खिशात माझा एक दगड आहे. तो मला परत हवा आहे असे नाही. परंतु तो ज्या रीतीने त्या खिशात गेला, ती रीत चार दिवस झाले तरी माझ्या घशाखाली उतरलेली नाही, आणि हे सगळे ज्या दिवशी घडले त्या दिवसाला आमच्या साडूंच्या वेळापत्रकात ‘विश्रांती’ असे नाव होते.

अ‍ॅडलेड ते डार्विन हे सुमारे ३,००० किलोमीटरचे अंतर दोन मोटारसायकलींवरून कापण्याची कल्पना साडूंचीच. ते वीस वर्षे अ‍ॅडलेडला राहतात, त्यांची गाडी स्वतःची आहे आणि त्यांची कंबर बहुधा गाडीबरोबरच सर्व्हिसिंगला जाते. माझी गाडी भाड्याची आणि कंबर पन्नाशीची. पहिल्या दोन दिवसांत साडेआठशे किलोमीटर झाले. वाटेत ग्लेनडॅम्बो नावाची वस्ती लागते, तिच्या पाटीवर लोकसंख्या लिहिलेली आहे: मेंढ्या २२,५००, माशा २०,००,०००, माणसे ३०. तिथून पुढे २५४ किलोमीटर पेट्रोल पंप नाही, सावली नाही आणि ज्याला वळण म्हणावे असेही फारसे काही नाही. समोरून त्रेपन्न मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे मागे तीन-चार ट्रेलर जोडलेला ट्रक, आली की तिचा वारा आधी आपल्याला ढकलतो आणि मग, विचार बदलल्यासारखा, ओढून घेऊ पाहतो. कूबर पीडीला उतरलो तेव्हा माझे तळवे पिठाच्या गिरणीवर ठेवल्यासारखे थरथरत होते. साडू म्हणाले, “उद्या पूर्ण आराम, साडूभाऊ.” मी विश्वास ठेवला.

या गावात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून पुष्कळशी वस्ती जमिनीखाली राहते. वालुकाश्मात कोरलेल्या खोल्यांत बाराही महिने साधारण २३ ते २५ अंश तापमान असते, पंखा लागत नाही आणि खिडकी नसते. गावाच्या मूळ आदिवासी नावाचा अर्थ ‘गोऱ्या माणसाचे बीळ’ असा सांगतात. त्या बिळात आता एक सावळा माणूस पाय पसरून पडला होता आणि त्याचा डाव अगदी साधा होता, की जिथे खिडकीच नाही तिथे सकाळ झाल्याचे कोण सिद्ध करणार? साडूंनी साडेपाच वाजता दिवा लावून ते सिद्ध केले. माझ्या उशाशी एक छापील कागद होता आणि त्यावर विश्रांतीचे सात कार्यक्रम, वेळेसकट, मांडलेले होते.

त्यांतले बरेचसे मी भरभर सांगतो, कारण ते भरभरच उरकले. जमिनीखालचे सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च खरोखर सुंदर आहे, आणि त्या गार दगडी शांततेत मी दिवसभर बसलो असतो. कागदावर त्याला चौदा मिनिटे होती. गोल्फच्या मैदानावर गवताचे पाते नाही, म्हणून चेंडू ठेवायला खेळाडू कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा स्वतःबरोबर घेऊन हिंडतात, सासुरवाडीला जाताना आपली उशी बरोबर नेणाऱ्या जावयासारखे. गावाबाहेर ब्रेकअवेज नावाच्या रंगीत टेकड्या आहेत आणि तिथला रस्ता कच्चा आहे. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर चालत नाही, त्यामुळे त्या रस्त्यापुरता मी साडूंच्या मागे, त्यांच्या पट्ट्याला धरून, एखाद्या नव्या नवरीसारखा बसलो. पुढे डिंगो कुत्र्यांपासून मेंढ्या वाचवण्यासाठी घातलेले ५,६०० किलोमीटर लांबीचे कुंपण आहे. ते पाहण्यासाठी आपण त्यातले जास्तीत जास्त दहा मीटर पाहतो, आणि ते दहा मीटर सांगलीकडच्या कुठल्याही द्राक्षबागेच्या जाळीसारखे दिसतात. तिथे माझा फोटो काढण्यात आला.

सहावा कार्यक्रम ‘नूडलिंग’. घरी फोनवर हा शब्द उच्चारल्यावर सौभाग्यवतींनी “तिथेही तेच खाताय का?” असे विचारले, पण याचा खाण्याशी संबंध नाही. १९१५ साली विली हचिसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा वडिलांच्या तुकडीबरोबर सोने शोधायला या भागात आला होता आणि पाणी शोधता शोधता त्याला ओपल हे रंग खेळवणारे रत्न सापडले. तेव्हापासून इथली जमीन माणसांनी इतकी पोखरली आहे की उघड्या विहिरींसारख्या खड्ड्यांपाशी ‘पळू नका, मागे मागे चालू नका’ अशा पाट्या लावलेल्या असतात. त्या खड्ड्यांतून निघालेल्या मातीचे पांढुरके ढीग सगळीकडे आहेत, आणि खाणकामगारांच्या नजरेतून सुटलेला एखादा तुकडा त्या ढिगांत उकरून शोधणे म्हणजे नूडलिंग. गावात यासाठी एक जागा सर्वांना मोकळी ठेवलेली आहे. थोडक्यात, दुसऱ्याने टाकून दिलेली माती भर उन्हात फुकट चाळायची.

तरीही खोटे कशाला बोलू, पाचव्या मिनिटाला मी चवड्यांवर बसून दोन्ही हातांनी उकरत होतो. डोक्यावरून माशा अडवणारी जाळी, मधमाश्या पाळणारा माणूस दिसतो तशी. अर्ध्या तासात तेवीस दगड जमले. ओला केल्याशिवाय दगडातला रंग नीट दिसत नाही, असे साडूंनी सांगितले होते, म्हणून मी बाटलीतले पाणी एकेका दगडावर ओतू लागलो, आणि मागून आवाज आला, “पाणी?”

घडीच्या खुर्चीवर, फाटक्या छत्रीखाली एक म्हातारा बसला होता. चष्मा डोक्यामागून इलॅस्टिकने बांधलेला, पायाशी त्याच्याच वयाचा वाटावा असा कुत्रा. साठ वर्षांपूर्वी तो युगोस्लाव्हियातून इथे ओपल काढायला आला होता आणि त्या काळात त्याने इंग्रजीतले जेमतेम चाळीस शब्द गोळा केले असावेत, पण त्या चाळिसांवर त्याची पूर्ण हुकूमत होती. तो म्हणाला, “पाणी विकत मिळते. जीभ फुकट.” या गावाचे पाणी जमिनीखालून खारे उपसून, गोडे करून घ्यावे लागते, त्यामुळे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मग त्याने विचारले, “कुठला?” मी म्हणालो, “इंडिया.” त्याने माझ्या तेवीस दगडांकडे पाहिले आणि कुतूहलाने, कसलाही कुत्सितपणा नसलेल्या स्वरात विचारले, “तिकडे दगड नाहीत?”

अख्खा दख्खन ज्या काळ्या कातळावर बसलेला आहे त्या कातळाचा मी माणूस; मला उत्तर सुचले नाही.

त्याने हात पुढे केला. मी पहिला दगड दिला. त्याने तो अंगठ्याने पुसला, जीभ बाहेर काढली, एका बाजूने संपूर्ण चाटला, उन्हात तिरका धरला, उलटा केला, दुसऱ्या बाजूने चाटला, “कचरा” म्हणाला आणि डाव्या खांद्यावरून मागे टाकून दिला. दुसरा. कचरा. तिसरा. कचरा. घाई नाही, चीड नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या जुन्या मास्तरांसारखी एक संथ शिस्त. दहाव्या दगडाला त्याने मला सुचवले की मी स्वतः शिकले पाहिजे. मी चाटायला गेलो आणि जिभेवर आधी जाळी आली, मग जाळीवरची माशी आली; कुत्र्याने मान वळवली. जाळी वर करून मी मागच्या ढिगातला एक दगड उचलला, त्याच्यासारखाच तब्येतीने चाटला, आणि मग माझ्या लक्षात आले की तो ढीग त्याच्या डाव्या खांद्याच्या बरोबर मागे होता.

आमच्या आजीने उष्ट्याचे नियम इतके कडक ठेवले होते की भावाच्या पेल्यातले पाणी प्यायलो तर तोंड धुवायला लागे. त्या आजीचा नातू दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात एका परक्या म्हाताऱ्याचा उष्टा दगड चाटून बसला होता, आणि तोही कचरा.

सतरावा दगड मात्र वेगळा होता. म्हाताऱ्याने तो चाटला. थांबला. पुन्हा चाटला. चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेला, तिरका केला, आणखी तिरका केला. मला त्यात क्षणभर निळसर काहीतरी हलल्यासारखे दिसले, निदान मी तसे शपथेवर सांगायला तयार आहे. मग तो म्हणाला, “पॉच.” म्हणजे रंग नसलेले, बिनमोलाचे ओपल. आणि तो खांद्यावरून मागे न टाकता त्याने सदऱ्याच्या खिशात घातला आणि खिशाला गुंडी लावली.

मी म्हणालो, “तो माझा आहे.”

“पॉच.”

“असू दे. द्या.”

“कशाला? पॉच.”

“मग तुम्हाला कशाला?”

त्याने पुढच्या दगडासाठी हात पुढे केला.

इतक्यात साडू आले. मला वाटले, माझ्या बाजूने कोणीतरी आले. साडूंनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि मला समजावले, “अहो, पॉच आणि ओपल दोन्ही सिलिकाच. ओपलात सिलिकाचे सूक्ष्म गोळे सारख्या आकाराचे आणि रांगेत रचलेले असतात, म्हणून प्रकाशाचे रंग फुटतात. पॉचमध्ये रांग नसते, इतकेच.” रांग नसली म्हणजे दगडाची मालकी बदलते का, असे मी विचारले, पण तोवर म्हाताऱ्याने खुर्चीखालून काचेच्या कुप्या काढल्या होत्या. पाण्यात बुडवलेले ओपलचे कपचे, एक कुपी पाच डॉलर. साडूंनी घासाघीस करून दोन घेतल्या नऊ डॉलरना, आणि सुटे त्यांच्याकडे नव्हते म्हणून पैसे मी दिले.

हे मला कोणीतरी सांगावे: भर दुपारी दगड मी वेचले, म्हाताऱ्याला मी दिले, आणि वर पैसेही मीच दिले, यात विश्रांती नेमकी कोणाला मिळाली? सबंध आठवडा गाडी चालवल्याने माझी कंबर जेवढी दुखली नसती तेवढी त्या उकिडवे बसण्याने दुखू लागली. रात्री त्या मिट्ट अंधारात मी छताला माझी बाजू समजावून सांगत होतो. शेजारच्या पलंगावरून साडू म्हणाले, “सूर्यास्त राहिला हो आपला,” कारण सातवा कार्यक्रम तो होता.

पहाटे आम्ही उत्तरेकडे निघालो. साडूंनी एक कुपी हँडलला बांधली होती आणि ती उगवत्या उन्हात माझ्यापुढे चमकत होती. मार्ला येईपर्यंतचे २३५ किलोमीटर मी एकच गोष्ट आठवत होतो. गुंडी लावताना मी स्पष्ट पाहिली. पण ती उघडताना पाहिल्याचे काही केल्या आठवत नव्हते. म्हणजे माझा पहिला दगड त्याने हातात घेतला, तेव्हापासूनच तो खिसा उघडा होता.