सोफ्याची जागा

लातूरला घर बांधायला काढले, तेव्हा बैठकीत ‘पाच अधिक एक’, म्हणजे भोवती पाच आणि खर्जाचा एक, असे स्पीकर असावेत आणि त्यांची एकही तार कोणाच्या दृष्टीस पडू नये, एवढीच चैन मी मनाशी धरली होती. मात्र तार लपवायची तर गिलाव्याआधी लपवावी लागते आणि त्यासाठी, जे घर अजून उभे नाही, त्यातला सोफा कुठे असेल हे आधी ठाऊक असावे लागते. पुढचे स्पीकर श्रोत्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे साधारण ११० अंशांवर असा हिशेब असल्याने, श्रोता सरकला की सगळेच सरकते. म्हणून मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी पालथ्या घमेल्यावर बसलो आणि ते घमेले म्हणजे सोफा असे जाहीर केले. सायंकाळी बायकोने सोफा पूर्वेच्या भिंतीला नेला. दुसऱ्या दिवशी गवंड्याने सोफ्यात माल भरून तो वरच्या मजल्यावर पाठवला.

तारेचा मात्र मी अभ्यास केला होता. वळसे धरून मागच्या स्पीकरपर्यंत पंधरा मीटर तार लागणार, म्हणून ती २.५ चौरस मिलिमीटरची आणि निव्वळ तांब्याची हवी. विजेच्या तारेसोबत एका पाईपातून ती मुळीच नेऊ नये. विजेची तार ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. अक्षता हातात धरून मंगलाष्टके संपण्याची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखे वायरमनने हे सारे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, “साहेब, पाईप टाकून ठेवतो. तार काय, कधीबी ओढता येती.”

झिरी मारायला कटर सुरू झाला आणि आप्पा काठी टेकत आले. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट त्यांनी पाहिलेली असल्याने, आमच्या घरात कॅलेंडरचा खिळासुद्धा त्यांना विचारून ठोकला जातो.

“गाणं ऐकायला भिताड कापायलास व्हय रे?”

आडवी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक षष्ठांशाहून खोल नसावी आणि उभी एक तृतीयांशाहून, हा नियम मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितला. आप्पांनी शांतपणे विचारले, “भिंत किती इंची?” भिंत चार इंची होती आणि पाईप एक इंची. चार इंचांचा सहावा भाग पाऊण इंचही भरत नाही, हे त्यांना तोंडी हिशेबाने कळले. मला मोबाईल काढावा लागला. मग पाईप उभ्या झिरीतून वर, छताखालून पलीकडे आणि पुन्हा खाली असा फिरला, आणि पंधरा मीटरांचे बावीस झाले. त्या वाटेवर वायरमनने गोलाईदार बेंडऐवजी तार अडवणारे चार काटकोनी एल्बो बसवले व पुढे तार ओढून घ्यायला आत ओढतारही सोडली नाही, हे कळेपर्यंत गिलावा वाळला होता. आप्पांनी त्यावर एकवीस दिवस स्वतः पाणी मारले.

गृहप्रवेश एप्रिलात झाला. मी स्पीकरची तार घेऊन मागच्या डाव्या कोपऱ्यात गेलो, तर पाईपाच्या तोंडाशी स्विचबोर्ड होता आणि त्यापुढे खिडकीत कूलर. एल्बो फोडून, त्यांच्या जागी बेंड बसवून, वायरमनने त्या पाईपातून कूलरची लाईन ओढली होती, बायकोने सांगितले होते आणि पाईप, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, “रिकामाच तर होता.”

आता पंखा, पंप आणि वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकणारे पाणी यांचा आवाज दिवसभर त्या कोपऱ्यातून बैठकीत भरून राहतो. परवा सोफ्यावर बसून मी कोनमापक लावून पाहिला. ११२ अंश भरले.