धक्कास्टार्ट कुटुंब

नाशिकला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या महिन्यात फोनवर सांगितले की, तिची नऊ वर्षांची मुलगी टीव्हीवरच्या एका नृत्यस्पर्धेच्या ऑडिशनला जाणार आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. लहान मुलींना रंगवून नको त्या गाण्यांवर नाचवण्याचे हे लोण अमेरिकेतून आले, असे आमच्या काकांचे मत आहे. आणि मी एकवीस वर्षे अ‍ॅरिझोनात राहत असल्यामुळे, त्या लोणाचा जणू मीच घाऊक व्यापारी आहे अशा थाटात त्यांनी मला जाब विचारला. उत्तरादाखल मी त्यांना २००६ सालचा ‘लिटल मिस सनशाइन’ हा विनोदी चित्रपट पाहायला सांगितला.

जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या दिग्दर्शक दांपत्याच्या या चित्रपटात हूवर नावाचे कुटुंब न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्कीहून कॅलिफोर्नियातील रेडोन्डो बीचला निघते, कारण घरातल्या सात वर्षांच्या ऑलिव्हला तिथल्या बालसौंदर्यस्पर्धेत प्रवेश मिळालेला असतो. यशाच्या नऊ पायऱ्या लोकांना विकू पाहणारा बाप स्वतः मात्र दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आहे. भाऊ वैमानिक होईपर्यंत न बोलण्याचा पण करून बसला आहे. मामा आत्महत्येच्या प्रयत्नातून नुकताच वाचला आहे. आजोबांना अमली पदार्थांच्या व्यसनापायी वृद्धाश्रमाने बाहेर काढले आहे. आणि या सर्वांना सांभाळता सांभाळता आई थकून गेली आहे. ही माणसे प्रेमापोटी एकत्र प्रवासाला निघालेली नसतात. विमानाच्या तिकिटांना पैसे नाहीत, जुनी पिवळी फोक्सवॅगन व्हॅन आईला चालवता येत नाही आणि मामाला एकटे सोडता येत नाही, म्हणून सगळेच निघतात. वाटेत क्लच निकामी होतो आणि तेथून पुढे प्रत्येक वेळी सर्वांनी मिळून गाडी ढकलायची, तिने वेग घेतला की धावत जाऊन एकेकाने आत उडी मारायची, असा क्रम सुरू होतो. एसटीला धक्का मारून मोठे झालेल्या आपल्या पिढीला त्यातील विनोद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे अमेरिकन कुटुंबाविषयी बोलताना वृद्धाश्रमाचा दाखला हटकून दिला जातो. या चित्रपटात त्याच वृद्धाश्रमाने नाकारलेला म्हातारा मुलाच्या घरी राहतो, नातीला नाच शिकवतो आणि रात्री हरण्याच्या भीतीने ती रडू लागते तेव्हा, खरा हरलेला तो की जो भीतीने प्रयत्नच करत नाही, असे तिला समजावतो. प्रवासात तो मरण पावतो, आणि कागदपत्रांसाठी थांबलो तर स्पर्धा चुकेल म्हणून घरची मंडळी त्याचा देह रुग्णालयाच्या खिडकीतून पळवून गाडीत घालतात. काकांना हा प्रसंग भयंकर वाटला. मलाही तो वाटतो. पण त्याला नात्यांचा अभाव म्हणता येणार नाही. या भूमिकेसाठी अ‍ॅलन आर्किन यांना ऑस्कर मिळाले.

काकांच्या मूळ आक्षेपाचे उत्तर मात्र शेवटच्या अर्ध्या तासात आहे. स्पर्धेतील इतर मुली प्रौढ स्त्रियांसारख्या नटलेल्या, केस फुगवलेल्या असतात; अशा स्पर्धांत खरोखर भाग घेणाऱ्या मुलीच त्या भूमिकांसाठी घेतल्या होत्या. त्यांच्याबद्दल सभागृहात कोणाची तक्रार नसते. ऑलिव्ह मात्र आजोबांनी शिकवलेला, प्रौढांच्या क्लबात शोभेल असा नाच निरागसपणे करू लागते, तेव्हा सगळ्यांना सभ्यता आठवते. आयोजिका बापाला तिला खाली उतरवायला सांगते. तो मंचावर चढतो आणि स्वतःच नाचू लागतो, आणि पाठोपाठ सगळे घर वर येते.

जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सूचना केली होती की, मोठ्यांनी चित्रपटांत केलेल्या नाचाच्या हालचाली लहान मुलांकडून करवून घेऊन त्यांना अशोभनीय रीतीने दाखवू नये. सूचना योग्यच होती, पण तिचे लक्ष हालचालींवर होते. गुण, बाद होण्याची घोषणा, ती ऐकताना मुलाच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा, या गोष्टींना त्या वादात फारसे कोणी हात लावला नाही. चित्रपटातील आयोजिकेचीही दृष्टी तीच होती. २००९ मध्ये संपलेल्या ‘लिटिल चॅम्प्स’च्या पर्वातील पाच मुलांना महाराष्ट्राने पंचरत्ने म्हटले, तेव्हा आम्हीही येथून नातेवाइकांना फोन करून एसएमएस पाठवायला सांगत होतो, त्याआधी बाद झालेल्या मुलांची नावे मला आज आठवत नाहीत.

आम्ही परदेशस्थ या बाबतीत शहाणे आहोत, असेही नाही. येथील मंडळाच्या गणेशोत्सवात लावणीवर नाचणाऱ्या आठ वर्षांच्या मुलींचे आम्ही कौतुकाने चित्रीकरण करतो, आणि आमचे खरे रेडोन्डो बीच म्हणजे स्पेलिंगची स्पर्धा. मंत्रालयाची सूचना निघण्याच्या काही आठवडे आधीच येथील राष्ट्रीय स्पर्धेत आठ संयुक्त विजेते जाहीर झाले आणि त्यांतील सात भारतीय वंशाचे होते. त्या वर्षी आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात शब्दांच्या याद्या भिंतीवर चिकटल्या. माझ्या मुलाच्या एका फेरीसाठी आम्ही चार तास गाडी चालवत गेलो, तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई मागच्या सीटवर दशम्यांचा डबा घेऊन बसली होती. एका फ्रेंच उगमाच्या शब्दावर तो तिसऱ्याच फेरीत बाद झाला. परतीच्या वाटेवर पहिले शंभर मैल मी एक शब्दही बोललो नाही, आणि नऊ पायऱ्या विकणारा तो बाप मी आहे हे मला तेव्हा कळले नाही. शेवटी आईच म्हणाली, “एका शब्दासाठी एवढं पेट्रोल जाळलंत? त्यापेक्षा मला एखादं देऊळ तरी दाखवायचं.” मुलगा इतका हसला की दशमी त्याच्या घशात अडकली.

काकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ऑलिव्हची फजिती एका हॉटेलच्या सभागृहात होते आणि त्यांनी पुन्हा कॅलिफोर्नियात अशा स्पर्धेत मुलीला उतरवू नये, एवढ्या अटीवर पोलीस सर्वांना सोडतात. माझ्या भाचीची फजिती झाली तर ती यूट्यूबवर राहील आणि तिच्या वर्गातली मुले ती पुन्हा पुन्हा पाहतील. चित्रपटाला हे गणित सोडवावे लागले नाही. म्हणूनच बहिणीने माझे मत विचारले तेव्हा मी ना होकार दिला, ना नकार. गाणे कोणते आहे हेही विचारले नाही. ऑडिशनला मुंबईला कोण कोण जाणार आहे, एवढेच विचारले.

नवरा, सासूबाई, धाकटा मुलगा आणि विरोध नोंदवून झाल्यावर काकासुद्धा, असे तिने सांगितले. काकांची अट एकच आहे, की कसारा घाटात त्यांना पुढच्या सीटवर बसवायचे, कारण मागे बसले की त्यांना गाडी लागते.