एकही गादी न अंथरता जिम्नॅस्टिक्सचं प्रशिक्षण!

परवा पुन्हा एकदा प्रशिक्षणाला जाऊन आले. विषय होता प्राथमिक शिक्षकांसाठी जिम्नॅस्टिक्स. कोथरूडच्या एका सभागृहात आम्ही ऐंशीएक जण दहा ते पाच खुर्चीला खिळून आणि समोर स्लाइडवर स्लाइड. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरची २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधली प्रोडुनोव्हा ही महाअवघड उडीसुद्धा दाखवली. तिचा अभिमान आहेच हो, पण मला तिसरीच्या पोरांना साधी पुढची कोलांटी शिकवायची आहे! अख्ख्या दिवसात एक गादी अंथरली गेली नाही. शेवटी सह्या झाल्या, फोटो झाला आणि वर साहेब म्हणाले, "शिक्षकांमध्ये आत्मविश्वासच नाही."

डोकंच फिरलं माझं.

कुठून येणार आत्मविश्वास? डी.एड.ला असताना आम्ही पाठटाचणं लिहिली, गादीवर कधी हात टेकला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला मराठी, गणित, चित्रकला, खेळ, सगळं वर्गशिक्षकाच्याच गळ्यात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी कोलांटी मारताना टाळूवरच टेकली. मान वाकडी झाली, "बाई, मान!" म्हणून किंचाळली. नशिबाने काही झालं नाही, पण मी रात्रभर जागी होते. त्यानंतर सहा महिने गाद्या जुन्या उत्तरपत्रिकांखाली कपाटात पडून होत्या. मीच ठेवल्या होत्या, भीतीने.

ती भीती घालवली आमच्या सोसायटीतल्या मल्लखांब शिकवणाऱ्या काकांनी, फक्त अर्ध्या तासात. हनुवटी छातीला, तळहात खांद्यांएवढ्या अंतरावर, कंबर वर, पाठ गोल. टाळू टेकवायची नाही, भार आधी हातांवर आणि मग थेट खांद्यांच्या मागच्या बाजूवर. मी बाजूला गुडघ्यावर बसायचं, एक हात मुलाच्या डोक्यामागे, दुसरा मांडीमागे. त्यांनी माझे हात धरून नेमके कुठे ठेवायचे ते दाखवलं. दुसऱ्याच आठवड्यात गाद्या बाहेर आल्या.

एवढंच हवं असतं! आणि हे सगळं पुण्यात चाललंय. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली जिथे महाराष्ट्रीय मंडळ ही शारीरिक शिक्षणाची संस्था काढली, त्या पुण्यात. बालेवाडीचं क्रीडा संकुल १९९४ पासून उभं आहे. शिकवणारी माणसं या शहरात पैशाला पासरी मिळतील, पण आम्हाला त्यांच्यापर्यंत कोणी नेत नाही आणि त्यांना आमच्या शाळेत कोणी बोलावत नाही.

दहा-दहा जणांचे गट करा, गाद्या अंथरा, आम्हालाच कोलांट्या मारायला लावा, एकमेकांना आधार द्यायला लावा. दर महिन्याला दोन तास द्या, वर्षातून एक दिवस नको. रविवारी बोलवा, मी येईन. साडी नाही, ट्रॅकपँट घालून येईन.