‘गरोदर बायकांना घाबरवू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

आईला गरोदरपणात मधुमेह असला तर मुलाच्या किडनीला पुढे धोका वाढू शकतो, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे सगळं आनुवंशिक असतं, वहिनीला सातवा महिना आहे, तिला असलं काही दाखवायची भीती वाटते, आणि दोष शेवटी आईच्याच पदरात पडतो. शेवटचा मुद्दा मला फार लागला. पण आधी आनुवंशिकतेबद्दल बोलते.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा या मूळ रहिवासी लोकांचा अभ्यास 1965 पासून चालू होता. त्यात एकाच आईची मुलं तपासली गेली : काही तिला मधुमेह होण्याआधी जन्मलेली, काही नंतर. आईबाप तेच, तरी नंतरच्या भावंडांमध्ये मधुमेह जास्त निघाला. फ्रान्समधल्या एका लहान अभ्यासात आईला टाइप 1 मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा) असलेली मुलं आणि वडिलांना तो असलेली मुलं शेजारी ठेवून पाहिली. मुलांना स्वतःला मधुमेह नव्हता, तरी पहिल्या गटात किडनीची राखीव ताकद, म्हणजे जास्तीचं काम पडलं तर ते पेलण्याची क्षमता, कमी होती. नुसतं आनुवंशिकतेतून आलं असतं, तर वडिलांकडूनही आलंच असतं.

किडनीतल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, साधारण 36व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. पुढे आयुष्यभर नवा एकही बनत नाही. उंदरांमध्ये असं दिसलं आहे की आईची साखर वाढलेली असेल तर पिल्लांमध्ये नेफ्रॉन कमी भरतात.

आता भीतीचं. पिमांमध्येच 2010 साली असं दिसलं की टाइप 2 मधुमेह (इन्सुलिनचा परिणाम कमी पडतो तो, नेहमी आढळणारा प्रकार) झालेल्या तरुणांपैकी ज्यांच्या आईला गरोदरपणी मधुमेह होता, त्यांच्यात किडनी निकामी होण्याचं प्रमाण सुमारे चौपट होतं. मात्र मधुमेह कोणत्या वयात लागला हे हिशेबात धरल्यावर हा फरक जवळजवळ उरला नाही. या मुलांना मधुमेहच लवकर गाठतो, म्हणून किडनीला तो जास्त वर्षं सोसावा लागतो. मला यात मोठा दिलासा दिसतो, कारण मुलाचा मधुमेह लांबवता येतो. शिवाय पिमा हे जगात मधुमेह सर्वाधिक आढळणाऱ्या लोकांपैकी आहेत; त्यांचे आकडे आपल्या घरातल्या बाईला जसेच्या तसे लावू नयेत.

आणि दोष? गरोदरपणात वारेतून येणारी संप्रेरकं (हार्मोन) साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. ती काही कुणी मागून घेत नाही. तिला ‘दोन जिवांचं खा’ म्हणत ताट भरणारे आपण, तपासणी न करणारी यंत्रणा, बाळंतपणानंतर तिची साखर पुन्हा न बघणारे घरचे, यांना कुणी जाब विचारत नाही, याचा मला राग येतो.

वहिनीला एवढंच विचारा : 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं होतं का? आपल्याकडच्या सरकारी सूचनांप्रमाणे त्यासाठी उपाशी जायची गरज नाही. पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत ही तपासणी व्हायला हवी. राहिली असेल तर आताही होते. आकडा 140 किंवा वर आला, तर आधी आहार आणि चालणं. त्यानं साखर आटोक्यात आली नाही तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन देतील. मग बाळाच्या डॉक्टरांनाही हे सांगून ठेवा, म्हणजे त्याचं वजन आणि पुढे रक्तदाब लक्ष ठेवून पाहिला जाईल. आकडा 140 च्या खाली आला, तर माझा लेख तिनं वाचायची काहीच गरज नाही.